अर्धा मैल माती कोण पोसणार?

सुरतेजवळ अर्ध्या मैलाचा, म्हणजे सुमारे ८०५ मीटरचा मोटारशर्यतींचा लंबगोल मातीचा ट्रॅक बांधायचा झाला, तर धावपट्टी आणि तिच्या पोटातलं मैदान मिळून बारा-तेरा एकर जमीन जाते. प्रेक्षक, पार्किंग, गाड्या दुरुस्त करायची जागा धरली की वीस एकरही पुरत नाहीत. दक्षिण गुजरातची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणजे चिकणमाती बाहेरून आणून दाबायची, शर्यतीआधी टँकरनं भिजवायची. पावसाळ्यात सगळंच बंद. एवढ्या महागड्या शहराच्या वेशीवर ही जमीन तिकिटांच्या पैशावर तगेल, असं मला वाटत नाही.

असे ट्रॅक गावोगाव असलेल्या अमेरिकेतही जमिनीचं ओझं बहुधा दुसरंच कुणीतरी उचलतं. आयोवातला नॉक्सव्हिलचा अर्ध्या मैलाचा ट्रॅक तिथल्या जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर आहे. १९६१पासून तिथे ‘नॉक्सव्हिल नॅशनल्स’ या शर्यती भरतात. ओहायोतला एल्डोरा ट्रॅक अर्ल बाल्टेस यांनी १९५४मध्ये आपल्या नाचघराशेजारी बांधला. त्यांनीच २००१मध्ये एका शर्यतीला दहा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस लावलं. २००४मध्ये तो ट्रॅक टोनी स्ट्युअर्ट या नामवंत रेसरनं विकत घेतला.

जत्रेनं शर्यत पोसायची हे आपल्याला नवं नाही. सुरतेला पोहोचणारी तापी नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्यावरून येते. तिथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्यांच्या शर्यतीही होतात, पण लोक आणि पैसा येतो तो दर्शनाला आणि सौद्याला. सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या खानदेशी कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा घाटांवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, हेच गणित जास्त उघडं दिसतं. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळात घाट गावाचा असतो. जत्रेचे दिवस सोडले तर त्याच्यावर खर्च जवळजवळ नाही. यात्रेची वर्गणी, गाडामालकांची प्रवेश फी, बक्षिसांचे दाते आणि दुकानांचं भाडं यांतून मांडव, बॅरिकेड, निवेदक, घड्याळ, रुग्णवाहिका भागते. क्रमाचं टोकन निघतं, बारी म्हणजे गाड्याची धाव सुटते, आणि प्रेक्षकाला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतंच. म्हणूनच हे टिकलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४च्या निकालानं शर्यती थांबल्या आणि १६ डिसेंबर २०२१ला पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात घाट ओस पडले, पण त्यांच्यावर कर्जाचा हप्ता नव्हता. कायमचा बांधलेला ट्रॅक एवढी वर्षं बंद राहिला असता, तर जमीन केव्हाच प्लॉटिंगला गेली असती.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत, पशुवैद्यकीय तपासणी हा खर्चही हिशेबात धरावा लागतो. तो योग्यच आहे. बैलाला इजा होऊ न देता शर्यत चालवायची तर ही किंमत मोजलीच पाहिजे.

मोटारसायकलींनी वेगळी वाट काढली. २०२४च्या पहिल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगमध्ये पुण्यानंतर अहमदाबादला, एका स्टेडियममध्ये मातीचा तात्पुरता ट्रॅक तयार झाला. शर्यत झाली की मैदान मोकळं. सुरतेला मातीवरची शर्यत हवी असेल, तर मला हाच मार्ग परवडणारा दिसतो, आणि त्यातही एखाद्या जत्रेला किंवा प्रदर्शनाला जोडून.

मात्र एक खर्च कोणत्याच आयोजकाच्या वहीत येत नाही, तो स्पर्धकाचा. बैलांचा वर्षभराचा खुराक, राखणारा गडी, टेम्पोभाडं गाडामालकच भरतो. २०२२मध्ये पुण्याजवळच्या चिखलीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. अशा बक्षिसांनी गर्दी जमते, पण ती एकाच्याच दारात जातात. अमेरिकेत अनेक ट्रॅकवर अंतिम शर्यतीत उतरलेल्या शेवटच्या गाडीलाही ठरावीक रक्कम मिळते. आपल्या यात्रा समित्यांनी पहिल्या बक्षिसातून थोडं कापून असं द्यायला सुरुवात करावी. निदान प्रत्येक गाड्याचं टेम्पोभाडं तरी सुटावं.