नव्या यंत्रावर जुना कारभारी

पंधरा-वीस वर्षांपूर्वी जुळवलेली पुस्तके एखाद्या लहानशा छापखान्यात जुन्या संगणकामध्ये पडून असतात. लेखकाला दुसरी आवृत्ती काढायची असते. संगणक मात्र सकाळी कसाबसा सुरू होतो आणि दुपारी मान टाकतो. मालक नवा संगणक आणतात, जुन्याची सीडी त्यात घालतात, आणि निळ्या पडद्यावर दोन-चार इंग्रजी ओळी उमटून सारे ठप्प होते. यंत्र तर अधिक ताकदीचे, मग अडले कुठे? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

वाचकहो, संगणकाच्या आत एक कारभारी बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तुम्ही दाबलेली कळ ओळखायची, डिस्कवरचा मजकूर शोधून आणायचा, तो पडद्यावर मांडायचा, प्रिंटरला हुकूम द्यायचा, ही सगळी कामे त्याची. पण कारभारी झाला तरी तो एका वाड्यात मुरलेला. कोठीची किल्ली कोणत्या खुंटीला असते हे त्याला आपल्याच वाड्यापुरते ठाऊक. दुसऱ्या वाड्यात नेऊन बसवला की बिचारा खुंट्या चाचपत राहतो.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचे असेच झाले. पुढे डिस्कशी बोलण्याची नवी रीत रूढ झाली; तिला एएचसीआय म्हणतात. या रीतीचा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, एक्सपीच्या सीडीवर नव्हता. त्यामुळे सिस्टीम सुरू होई आणि अर्ध्या वाटेत स्वतःचीच डिस्क तिला दिसेनाशी होई. तो निळा पडदा बहुधा याचाच. यावर उपाय होता. सुरुवातीलाच एफ६ ही कळ दाबून ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यायचा. पण नव्या यंत्राला फ्लॉपीचे तोंडच नाही, मग द्यायचा कुठून? काही यंत्रांच्या मांडणीत डिस्कची जुनी, आयडीई रीत निवडता येत असे. ती निवडली की काम होई. आता तीही सोय उरलेली नाही. यंत्र जागे करण्याची जुनी बायोस पद्धत जाऊन तिच्या जागी यूईएफआय आली, आणि नेहमीच्या ३२ बिटी एक्सपीला ती मुळीच कळत नाही.

२००९ च्या विंडोज ७ ची तऱ्हा आणखी मजेची. २०१५ साली इंटेलचे नवे बोर्ड निघाले. त्यांतल्या पुष्कळांवर यूएसबीचा फक्त नवा नियंत्रक होता आणि विंडोज ७ च्या सीडीवर त्याचा ड्रायव्हर नव्हता. पडदा विचारतो, ‘भाषा निवडा’. आणि कीबोर्ड नि माऊस दोन्ही मुके!

यंत्र जास्त वेगवान असणे हेही कधी कधी नडते, हे सांगितले तर खरे वाटणार नाही. विंडोज ९५ सुरू होताना काही ठिकाणी यंत्राचा वेग मोजीत असे. ठरावीक फेरे मारायचे, किती वेळ लागला ते पाहायचे, आणि त्या वेळाने भागायचे. एएमडीचा ३५० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वेगाचा के६-२ प्रोसेसर आला, तेव्हा हे फेरे इतक्या झटपट संपू लागले की लागलेला वेळ घड्याळात शून्य भरे. शून्याने भागायचे कसे? सिस्टीम तिथेच बसली. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती काढली. चूक म्हणावी तर ती लिहिली गेली तेव्हा चूक नव्हतीच. एवढ्या वेगाचे यंत्र घराघरांतून येईल, हे लिहिणाराच्या हिशेबात नव्हते, एवढेच.

तेव्हा कारभाऱ्याला नवा वाडा शिकवणे हा एक मार्ग झाला, आणि तो फार लांब जात नाही. दुसरा मार्ग असा, की नव्या वाड्यातच जुन्या वाड्याचा देखावा उभा करायचा. ही युक्ती आजची नव्हे. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टीम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिची भाषा सर्वस्वी नवी. इकडे गिऱ्हाइकांचे पगारपत्रक, मालाचा हिशेब, सारे आधीच्या १४०१ या यंत्रासाठी लिहिलेले. ते पुन्हा लिहा म्हणावे, तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जायचे. म्हणून मॉडेल ३० सारख्या यंत्रांच्या पोटातच अशी सोय केली, की १४०१ चे हुकूम त्यांना समजावेत. जुने कार्यक्रम नुसते चालले असे नाही, पुष्कळदा मूळ यंत्राहून जलद चालले. ‘एम्युलेटर’ हे नाव रूढ झाले ते याच सुमारास.

आजच्या देखाव्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांत गल्लत होते. जुन्या नि नव्या यंत्राचा प्रोसेसर एकाच कुळातला असेल, तर प्रोसेसरचे बहुतेक हुकूम थेट खऱ्या प्रोसेसरकडे जातात. खोटी असतात ती फक्त डिस्क, पडदा, नेटवर्क ही साधने. हे भासमान यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. यात वेग फारसा घटत नाही. कूळच वेगळे असेल, तर मात्र प्रत्येक हुकमाचा उलथा करावा लागतो. फाब्रिस बेलार याने २००३ साली प्रसिद्ध केलेला क्यूएमू हा कार्यक्रम एकेका हुकमाऐवजी हुकमांचे गट उलथून ठेवतो, म्हणजे तोच गट पुन्हा आला की पुन्हा कष्ट नकोत. तरीही वेळ लागतोच. ॲपल कंपनीने १९९४, २००६ आणि २०२० अशा तीन वेळी प्रोसेसरचे कूळ बदलले आणि दर वेळी जुन्या कार्यक्रमांसाठी असाच दुभाष्या सोबत दिला.

आता आपल्या छापखान्याकडे येऊ. मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचणारा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचा आपला मजकूर नाना संकेतांत अडकला आहे. डॉसच्या काळी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्राच्या आत खोचले म्हणजे पडद्यावर देवनागरी दिसे. ते ज्या खाचेत बसे ती खाच आजच्या घरगुती संगणकात नाही. पुढे जो तो आपापला फाँट घेऊन आला. त्या फाँटांतला मजकूर जुन्या कार्यक्रमाबाहेर काढला, की नुसती रोमन अक्षरांची नि खुणांची खिचडी! शिवाय कित्येक कार्यक्रमांना संगणकाच्या मागे लावायचे कुलूप, म्हणजे डोंगल, लागते. भासमान यंत्राचे सारे बळ येथे कळते आणि दुबळेपणही. ज्या साधनाची नक्कल कुणी केली, तेवढेच साधन त्यात असते. विरळ कार्डाची नक्कल करायला कुणी बसलेच नाही, तर ते कार्ड देखाव्यातही नाही. डोंगलचे बरे आहे. ते यूएसबीचे असेल, तर खरे डोंगल भासमान यंत्राच्या हवाली करता येते.

म्हणून पहिले काम असे, की जुना संगणक जोवर सुरू होतो आहे तोवर त्याच्या संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढून घ्यायची. नुसत्या फायली उतरवून भागत नाही, कारण कार्यक्रम, फाँट, परवाने हे सगळे सिस्टीमच्या कानाकोपऱ्यांत पसरलेले असते. प्रतही एकाऐवजी दोन असाव्यात. मग भासमान यंत्रात डिस्कची रीत आयडीई निवडायची, नाहीतर तोच निळा पडदा पुन्हा पुढे उभा. साधने बदललेली पाहून एक्सपी कदाचित परवान्याची खातरजमा पुन्हा मागेल, तेव्हा पेटीवरचा आकड्यांचा कागद फेकू नका. आणि या यंत्राला इंटरनेटची जोडणी देऊ नका. एक्सपीच्या सुरक्षिततेच्या दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्येच थांबल्या. मजकूर बाहेर काढायला सामाईक फोल्डर पुरतो. तो युनिकोडमध्ये उलथताना जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात.