पाचोळ्यातला नवरंग

डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या जंगलांत पावसाच्या तोंडावर येणारा, भर पावसात वीण उरकणारा आणि पावसाळा सरल्यावर दक्षिणेकडे निघून जाणारा नवरंग हा पक्षी संख्येने दुर्मीळ नाही. मात्र त्याचे दर्शन दुर्मीळ आहे, आणि त्याला कारण त्याची राहण्याची जागा आहे. घोलवड-बोर्डीच्या किनाऱ्यालगतच्या चिकूच्या वाड्या मागे टाकून बारडाच्या डोंगराकडे व तेथून आणखी पूर्वेला गेले की साग, ऐन, खैर, कुडा आणि बांबू यांचे पानझडी जंगल लागते. या जंगलाकडे पाहणाऱ्याची नजर बहुधा शेंड्यांकडे जाते, तर नवरंगाचा सगळा संसार झाडांच्या बुंध्यांशी, करवंदीच्या जाळ्यांखाली, सडू लागलेल्या पानांच्या थरावर चालतो. भुईवरच्या या थराला पाचोळा म्हणतात आणि नवरंगाच्या जीवनक्रमाचा जवळजवळ प्रत्येक धागा या थराशी बांधलेला आहे.

नवरंग बुलबुलापेक्षा आखूड असतो, पण अंगाने गुबगुबीत. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी १५ ते १९ सेंटीमीटर आणि वजन साधारण ५० ते ६५ ग्रॅम भरते. शेपूट इतके तोकडे की ते कोणी छाटून टाकले असावे असे वाटते; उलट पाय लांब व बळकट, कारण उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारत जमिनीवर फिरणे हाच त्याचा नेहमीचा व्यवहार आहे. पाठ हिरवी, खांद्यावर आणि शेपटीच्या बुडाशी चकाकणारा निळा पट्टा, पोटाकडचा भाग फिकट बदामी, गळा पांढरा, डोळ्यावरून मागे जाणारी काजळाची जाड रेघ, डोक्यावर बदामी आणि काळे पट्टे, आणि शेपटीखाली कुंकवासारखा लाल डाग अशी ही रंगसंगती असल्यामुळे ‘नवरंग’ हे नाव त्याला शोभते. रंग मोजून नऊ भरतात की नाही याचा हिशेब करत बसण्यात अर्थ नाही. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. त्याच्या पिसांतील निळी झळाळी ही रंगद्रव्याची नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्यामुळे दिसते, त्यामुळे सावलीत ती विझल्यासारखी होते आणि उन्हाचा कवडसा पडला की एकदम पेटते.

एवढे भडक रंग अंगावर वागवणारा पक्षी दिसत कसा नाही, याचे उत्तर हे रंग अंगावर कोठे आहेत यात सापडते. लाल रंग पोटाखाली आणि शेपटीच्या तळाशी दडलेला असतो, तर वरून आणि मागून दिसते ती फक्त हिरवी पाठ, जी पावसाळ्यातल्या झुडपांच्या छायेत सहज मिसळते. चाहूल लागताच नवरंग पाठ वळवून निश्चल उभा राहिला की दहा पावलांवर असूनही तो दृष्टीस पडेनासा होतो. उडाला तर पंखांतील पांढरा ठिपका क्षणभर चमकतो आणि पुढच्या जाळीत शिरताच तोही नाहीसा होतो.

या पक्ष्याच्या शास्त्रीय नावामागे एक गमतीचा गोंधळ आहे. कार्ल लिनियस याने १७६६ साली त्याचे वर्णन करताना त्याला चक्क कावळ्यांच्या प्रजातीत घातले आणि त्याच्या शेपटीवरून ‘आखूड शेपटीचा’ या अर्थाचे ब्रॅकियुरस हे नाव दिले. पुढे हा गट वेगळा काढला गेला आणि त्याला ‘पिट्टा’ हे नाव मिळाले, जे तेलुगू भाषेतील लहान पक्ष्याला लावल्या जाणाऱ्या साध्या शब्दावरून आले आहे. आज पिट्टा ब्रॅकियुरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नवरंगाचे भाईबंद आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण प्रदेशांत पसरलेले असून त्यांतील बहुतेक सगळे जंगलाच्या भुईवरच राहतात. म्हणजे या कुळाला जगभर नाव मिळाले ते दख्खनच्या एका भाषेतल्या शब्दाचे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे.

नवरंगाची चारा शोधण्याची पद्धत पाहिली तर पाचोळ्याचे मोल कळते. दोन-तीन उड्या मारून तो थांबतो, मान किंचित तिरकी करतो, आणि चोचीने एक पान उचलून बाजूला फेकतो. खाली काही वळवळले तर ते टिपतो, नाही तर पुढचे पान. ओल्या पानांच्या थरात गांडुळे, वाळवी, मुंग्या, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि बारीक गोगलगायी यांची दाटी असते, आणि ही दाटी पावसाच्या पहिल्या सरींनंतर झपाट्याने वाढते. गांडुळांवर भर असलेल्या या पक्ष्याच्या बाबतीत एक वेधक निरीक्षण असे की, तपासलेल्या पंचवीस जातींच्या फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांमध्ये मेंदूतील गंधाशी संबंधित भाग तुलनेने सर्वांत मोठा आढळला तो नवरंगात. पक्षी वासावर फारसे अवलंबून नसतात या रूढ समजुतीला त्यामुळे छेद जातो; दाट सावलीत, संधिप्रकाशात, पानांखाली लपलेला किडा हुडकताना नाकाचा उपयोग होत असावा, असे मानण्यास त्यामुळे जागा मिळते.

डोळ्यांना न सापडणारा हा पक्षी कानांना मात्र सहज सापडतो. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला तो झाडाच्या फांदीवर चढून, मान मागे टाकून, दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो, आणि तिला शेजारच्या ओहोळापलीकडून दुसरा नवरंग उत्तर देतो. या वेळा इतक्या ठरलेल्या की तमिळ भाषेत त्याचे नाव ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे पडले. श्रीलंकेत, जेथे तो हिवाळा काढतो, तेथील सिंहली लोककथेत या शिळेचा अर्थ फिर्याद असा लावला जातो: मोराने आपली वस्त्रे पळवली, अशी ती तक्रार. ढगाळ पावसाळी दिवसांत तो भर दुपारीही शीळ घालतो. चिमण्या-बुलबुलांच्या विशाल गणातील असूनही नवरंगाचे कुळ ज्या उपगणात मोडते त्यातील पक्ष्यांचा कंठ इतर गायक पक्ष्यांपेक्षा साध्या बांधणीचा असतो, आणि त्यांचे गाणे बापाकडून ऐकून शिकलेले नसून बहुतांशी उपजत असते असे मानले जाते.

उत्तरेत हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारताच्या डोंगरांपर्यंत आणि सह्याद्रीच्या बाजूने कर्नाटकापर्यंत नवरंगाची वीण होते, आणि तिचा काळ नैऋत्य मोसमी पावसाशी जुळलेला असतो. बहुतेक पक्षी उन्हाळ्यातच घरटी बांधून मोकळे होतात. नवरंग मात्र जमीन भिजण्याची वाट पाहतो, कारण पिलांच्या तोंडात घालायला लागणारा मऊ चारा कोरड्या पाचोळ्यात मिळत नाही. डहाणू-तलासरीकडे भाताची रोपे उपटून आवणी सुरू होते, त्याच सुमारास जंगलात या पक्ष्याची जोडपी घरट्याला लागलेली असतात. घरटे म्हणजे वाळकी पाने, गवत, मुळ्या आणि काटक्या यांचा नारळाहून मोठा, अव्यवस्थित दिसणारा गोळा असून त्याला एका बाजूने गोल दार असते. ते कधी जमिनीवर, कधी हात पोचेल अशा फांदीच्या बेचक्यात असते. पुराच्या लोंढ्याने अडकलेला केरकचरा आणि नवरंगाचे घरटे यांत पहिल्या नजरेला फरक करता येत नाही, आणि तेच त्या घरट्याचे संरक्षण. आत चार-पाच अंडी असतात. ती जवळजवळ चेंडूसारखी गोल, चकचकीत पांढरी आणि जांभळ्या-तपकिरी ठिपक्यांची असतात. नर आणि मादी दोघेही उबवण्याचे व भरवण्याचे काम करतात. धामण, मुंगूस, घोरपड यांच्यापासून अंडी वाचवण्याचे गणित या पक्ष्याने हजारो वर्षांत जुळवले आहे. वस्तीबाहेर मोकाट फिरणारे कुत्रे आणि पाळीव मांजर यांच्याशी मात्र त्याची गाठ अलीकडची आहे.

स्थलांतर तो रात्री करतो. आखूड शेपटीचा, जमिनीवर फिरण्यासाठी घडलेला हा पक्षी शेकडो किलोमीटर उडून येतो तेव्हा कित्येकदा गलितगात्र अवस्थेत भलत्याच ठिकाणी उतरतो. त्यामुळे मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत इमारतींच्या जिन्यांत, व्हरांड्यांत, परसांत आणि वाड्यांत तो सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. जंगलात वर्षानुवर्षे फिरूनही नवरंग न पाहिलेल्या माणसाला तो प्रथम दिसतो तो असा, घराच्या पायरीवर.

या कुळातील सगळ्यांचे दैव नवरंगाइतके बरे नाही. १८७५ साली पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी ज्याचे वर्णन केले तो गर्नीचा पिट्टा थायलंडच्या दक्षिण भागातील सखल जंगलांत राहत असे. १९५२ नंतर तेथे त्याचा थांगपत्ता लागला नाही, आणि १९८६ साली तो पुन्हा सापडला तेव्हा त्याच्या जंगलाचा बहुतेक भाग रबर व तेलताडाच्या लागवडीखाली गेलेला होता. योगायोग असा की त्याच १९८६ साली भारतातही जमिनीवर राहणारा एक हरवलेला पक्षी परत मिळाला. जेर्डनचा धाविक हा काटेरी झुडपांच्या रानातील निशाचर पक्षी १८४८ साली शास्त्राला माहीत झाला, पुढे निसर्गतज्ज्ञ ब्लॅनफर्ड यांनी तो आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याच्या परिसरातही नोंदवला, १९०० नंतर तो नष्ट झाल्याचे धरले गेले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शोधात आंध्रातील कडप्पा भागात, स्थानिक पारध्याच्या मदतीने, तो पुन्हा हाती लागला. सिरोंच्याकडे तो परत दिसल्याची खात्रीलायक नोंद नाही. दोन्ही पक्ष्यांना शिकाऱ्यांपेक्षा अधिक मारले ते पायाखालच्या जमिनीच्या बदलाने, आणि डहाणू-तलासरीसाठी हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

आपल्याकडे जंगल मोजले जाते ते वरून. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून दर दोन वर्षांनी जो अहवाल काढते त्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठा, आणि झाडांच्या छत्रीची दाटी किमान दहा टक्के असलेला कोणताही तुकडा वनाच्छादन म्हणून धरला जातो. जमीन कोणाची, झाडे कोणती, हा प्रश्न त्यात येत नाही, आणि फळबागाही त्यातच जमा होतात. या व्याख्येनुसार घोलवडची दाट चिकूची वाडी आणि बारडाच्या उतारावरचे ऐनाचे जंगल नकाशावर एकाच हिरव्या रंगात येऊ शकतात. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूबद्दल येथे कोणताही आकस नाही. सदाहरित चिकूची गर्द सावली स्थलांतरातल्या थकल्या नवरंगाला आसरा देतेच. पण झाडाखालची जमीन नांगरून, झाडून स्वच्छ ठेवलेल्या वाडीत उलटायला पानच नसते. उपग्रहाला छत्री दिसते, पाचोळा दिसत नाही.

पाचोळ्यावर माणसाचाही हक्क जुना आहे. पाऊस येण्यापूर्वी भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पाने, फांद्या, गवत आणि शेण पसरून ते जाळण्याची राबाची पद्धत वारली आणि इतर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली; तिने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. राबासाठी नेलेली पाने जंगलाचा काही भाग उघडा करतात, हे खरे. परंतु तेवढ्यावरून शेतकऱ्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल, कारण राब ठरावीक वाफ्यापुरता असतो, वणव्याला मात्र बांध नसतो. मार्च-एप्रिलमध्ये लागलेला वणवा झाडे बहुधा मारत नाही, म्हणून त्याची हानी कोणाच्या हिशेबात येत नाही. तो जाळतो तो नेमका पानांचा थर, आणि त्यातली गांडुळे, अळ्या व बुरशी. दोन महिन्यांनी तेथे उतरणाऱ्या नवरंगासाठी उभी झाडे असतात, जेवण नसते.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, आणि त्या आधारावर पुढे १९९६ साली न्यायालयाच्या आदेशाने स्वतंत्र प्राधिकरणही नेमले गेले. त्या संरक्षणामुळे कारखान्यांच्या पसाऱ्याला आळा बसला, हे नाकारता येणार नाही. मात्र द्रुतगती महामार्ग आणि वेगवान रेल्वे यांच्या रेषा याच दोन तालुक्यांतून जातात, आणि भुईवर राहणाऱ्या पक्ष्यासाठी रुंद मोकळी रेषा म्हणजे सावली तुटणे, कडा वाळणे आणि कुत्र्यामांजरांना आत वाट मिळणे. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावली जातात; पाचोळ्याचा थर मात्र लावता येत नाही, तो वर्षानुवर्षे साचावा लागतो.

वाडीच्या कुंपणाशी करवंदीची जाळी आणि तिच्याखालची पाने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत न झाडता राहू द्यावीत, एवढे घोलवड-बोर्डीच्या बागायतदारांना सहज जमण्यासारखे आहे. पायरीवर दमलेला नवरंग सापडला तर त्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात शांत ठेवावे, चोचीत पाणी किंवा भात कोंबू नये, फोटोसाठी हाताळू नये, आणि तरतरी आल्यावर जवळच्या दाट झुडपात सोडावे. जखमी असेल तर वनखात्याला कळवावे. वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार तो पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे.