सात आकडे, तीन कुलपं

हॅकर म्हटलं की डोळ्यांसमोर काळी हुडी आणि स्क्रीनवर धावणारी हिरवी अक्षरं येतात. पण या मंडळींचा खरा आवडता उद्योग आहे एकमेकांना कोडी घालणं. एकात एक दडवलेल्या या कोड्यांची ही एक सफर, थेट आपल्या बाराखडीतून!

२३३१ २३२६ २३६६ २३२५ २३६६ २३५४ २३०६

हा कुणाचा मोबाइल नंबर नाही की लॉटरीचं तिकीट नाही. या सात आकड्यांमध्ये कोल्हापुरातल्या एका जागेचं नाव लपलंय. नाव कळलं की तुम्ही म्हणाल, ‘हात्तिच्या, एवढंच होय!’ पण तिथपर्यंत पोचायला तीन कुलपं उघडावी लागतात आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या आहेत. हे कोडं मी खास या पानासाठी बनवलंय. मात्र त्याची बांधणी अगदी तशीच आहे, जशी जगभरातले हॅकर एकमेकांना घालतात.

झेंडा पळवायचा खेळ

या खेळाचं नाव ‘कॅप्चर द फ्लॅग’, बोलीभाषेत सीटीएफ. अमेरिकेत लास व्हेगासला दरवर्षी ‘डेफ कॉन’ नावाचा हॅकर मंडळींचा मोठा मेळा भरतो. तिथं १९९६ साली ही स्पर्धा सुरू झाली आणि मग जगभर पसरली. आपल्या शेजारी गोव्यात २०१०पासून ‘नलकॉन’ ही परिषद होते. तिच्यासोबतची ‘हॅकआयएम’ ही स्पर्धाही सीटीएफच. केरळातल्या अमृता विद्यापीठाची विद्यार्थी टीम ‘बायोस’ तर स्वतःची ‘इनसीटीएफ’ स्पर्धा भरवते.

खेळ कसा, तर आयोजक कोडी देतात. प्रत्येक कोड्याच्या पोटात एक छोटं वाक्य किंवा शब्द लपलेला असतो, तो म्हणजे फ्लॅग. तो सापडला की भरायचा आणि गुण घ्यायचे. बऱ्याच स्पर्धांत एखादं कोडं जितक्या जास्त टीम सोडवतील, तितके त्याचे गुण उतरत जातात. स्पर्धा सहसा शनिवार-रविवारी, सलग २४ किंवा ४८ तास. म्हणजे रात्रभर जागरण, चहाचे कप आणि ‘अरे, मिळालं का?’ हा एकच प्रश्न. वेबसाइटमधली चूक शोधणं, फोटोत लपवलेली माहिती काढणं, प्रोग्राम उलगडून बघणं असे त्यात विभाग असतात. आणि एक विभाग असतो क्रिप्टोचा. इथं क्रिप्टो म्हणजे बिटकॉइन नव्हे बरं का! क्रिप्टोग्राफी, म्हणजे मजकूर गुप्त करण्याचं शास्त्र.

या विभागातली चवदार कोडी थरांची असतात. एक कुलूप उघडलं की आत खजिना नाही, दुसरं कुलूप! चला, आपलंच कोडं घेऊ.

पहिलं कुलूप : आकड्यांची अक्षरं

आधी नुसतं बघायचं. सातही आकडे २३००च्या आसपास आहेत. कुणी उगीच आकडे टाकले असते, तर ते असे एका गल्लीत राहायला आले नसते. मग २३००च्या गल्लीत राहतं कोण?

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून जगातल्या बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ‘युनिकोड’ या व्यवस्थेत एक नंबर दिलाय. त्यात देवनागरीचा वाडा २३०४ ते २४३१. क म्हणजे २३२५, ख म्हणजे २३२६. आपल्या आकड्यांत २३६६ दोनदा आलाय, तो आहे काना. २३०६ हा अनुस्वार. सगळे आकडे बदलले की मिळतं : छखाकालं.

अर्थ? शून्य. पण शोधणाऱ्याला इथं आनंद होतो, कारण आकड्यांतून काना-अनुस्वारासकट उच्चारता येणारा शब्द निघालाय. म्हणजे वाट बरोबर आहे.

एक गोष्ट इथं समजून घेऊ. या थराला खरं तर किल्लीच नव्हती. युनिकोडचा तक्ता कुणालाही बघता येतो. याला म्हणतात एन्कोडिंग, म्हणजे नुसती मांडणी बदलणं. गुप्त करणं वेगळं, त्याला किल्ली लागते. नवखी मंडळी हमखास या दोन्हींची गल्लत करतात. मजकूर वाचता आला नाही, म्हणून तो सुरक्षित आहे असं नसतं.

दुसरं कुलूप : एक घर मागे

आता किल्ली असलेला थर. एक जुनी युक्ती रोमच्या ज्युलियस सीझरच्या नावानं ओळखली जाते : प्रत्येक अक्षराच्या जागी ठरावीक घरं पुढचं अक्षर लिहायचं. आपण उलटं जाऊन बघू, एक घर मागे.

मोह होतो की प्रत्येक आकड्यातून सरळ एक वजा करावा. करून बघा. ‘चकऽऔऽऱँ’ असलं काहीतरी विचित्र निघतं. पहिली दोन अक्षरं चांगली वाटतात, पुढं सगळा चुथडा. का? कारण काना हे व्यंजन नाही. वजाबाकीत त्याचाही नंबर घसरला आणि त्याचा अवग्रह झाला. क च्या मागे कॉम्प्युटरच्या तक्त्यात औ बसलाय. आणि ल च्या आधी त्या तक्त्यात र नाही, तर नुक्तावाला ऱ आहे. कॉम्प्युटरची रांग आणि आपण शाळेत म्हटलेली रांग एक नाही!

मग शाळेतली वर्णमाला घ्यायची. क पासून ह पर्यंत ३३ आणि शेवटी ळ, अशी ३४ व्यंजनं. काना-अनुस्वाराला हात लावायचा नाही. छ च्या मागे च. ख च्या मागे क. ल च्या मागे र. आणि क च्या मागे? रांग गोल धरली तर शेवटचा ळ. आता वाचा : चकाळारं.

मराठी न येणारा जगातला भारी हॅकर इथं अडकला असता. कारण सगळी टूल्स इंग्रजी अक्षरांच्या हिशोबानं बनलेली. आणि तुमच्या आजीनं पुढचं कुलूप दोन सेकंदांत उघडलं असतं.

तिसरं कुलूप : च ची भाषा

सुरुवातीला च दिसला की मराठी पोरांचे कान टवकारतात. लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायची ती च ची भाषा! शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढं च लावायचा. पाणी म्हणजे चणीपा. गल्लीगणिक नियम थोडा बदलतो, पण युक्ती तीच.

चकाळारं मधला च काढा, शेवटचं रं पुढं आणा. रंकाळा!

सुटलं की नाही? आता मागे वळून बघा. पहिल्या थराला कॉम्प्युटरची माहिती लागली, दुसऱ्याला थोडं गणित आणि तिसऱ्याला गल्लीतली आठवण. म्हणून तर सीटीएफ एकट्यानं न खेळता टीमनं खेळतात. एकाला प्रोग्रामिंग येतं, दुसरा गणितात पक्का, तिसऱ्याला भलतंसलतं काहीतरी माहीत असतं. आणि ऐनवेळी त्या तिसऱ्याचंच काम पडतं.

किल्ल्या मोजून उपयोग नाही

सरकवण्याच्या युक्तीत किल्ल्या फक्त ३३. चहा थंड व्हायच्या आत सगळ्या करून बघता येतात. मग कुणी म्हणेल, सरकवू नका, कुठल्याही अक्षराच्या जागी कुठलंही अक्षर वापरा. आता ३४ व्यंजनांच्या अदलाबदलीचे मार्ग होतात ३४ गुणिले ३३ गुणिले ३२ असं करत एकपर्यंत. हा आकडा तब्बल ३९ अंकी आहे. आज जगभर वापरली जाणारी एईएस ही पद्धत १२८ बिटच्या किल्लीनं वापरली, तर तिच्याही किल्ल्यांची संख्या ३९ अंकीच.

मग दोन्ही सारख्याच मजबूत? अजिबात नाही. अदलाबदलीचा लांब मजकूर एका दुपारी वहीवर सुटतो. कारण अक्षराचा वेश बदलला, तरी त्याची सवय बदलत नाही. मराठीत क, त, र, न सारखे येतात, झ आणि ठ क्वचित. कुठलं चिन्ह किती वेळा आलं ते मोजत गेलं की वेश गळून पडतो. ही मोजदाद नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं लिहून ठेवली होती. एईएसमध्ये अशा सवयी शिल्लक राहू नयेत, अशी रचनाच केलेली आहे. ताकद आहे ती इथं.

पोथीतलं कोडं

आपल्याकडं असं कोडं खरोखर घडलंय, तेही शतकानुशतकांचं. महानुभाव पंथाच्या पोथ्या ‘सकळ’ नावाच्या लिपीत लिहिलेल्या असत. त्यात एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह येई, शिवाय संक्षेपही असत. पंथातल्या लोकांना त्या वाचता येत, बाहेरच्यांना नाही. पंथाकडं सकळशिवाय सुंदरीसारख्या आणखीही लिप्या होत्या. ज्या पंथानं मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ दिलं, त्याच्या साहित्याचा मोठा भाग बाहेरच्या अभ्यासकांसाठी असा कुलपात होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि जुन्या मराठीचं एक अख्खं दालन अभ्यासकांना खुलं झालं. लॅपटॉप नाही, टूल नाही. सीटीएफच्या भाषेत बोलायचं, तर याहून मोठा फ्लॅग मराठीत कुणी पळवला नसेल.

आणि हो, मोडी ही गुप्त लिपी नव्हे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातली मोडी दप्तरं लपवण्यासाठी नाही, तर भराभर लिहिण्यासाठी त्या लिपीत आहेत. आपण वाचायला विसरलो, एवढंच.

खेळ कुठं संपतो?

इथं थोडं सिरियस होऊ. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएमही होती. २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली.

त्या प्रकरणात कुणी गणित फोडलं नव्हतं. एटीएमच्या व्यवहारांना ‘हो’ म्हणणारी बँकेची यंत्रणा बाजूला सारून दुसरीच यंत्रणा ‘हो’ म्हणत राहिली. कुलूप शाबूत, भिंतीला भोक! आणि रोख काढायला एटीएमसमोर उभं राहायला कुणीतरी स्थानिक लागतंच. तो माणूस पहिल्यांदा सापडतो.

कोडी सोडवणारा आणि बँक लुटणारा यांची हत्यारं बरीचशी सारखी असतात. फरक परवानगीचा. सीटीएफमध्ये आयोजकानं ‘ये, फोड’ म्हणून सांगितलेलं असतं. परवानगीशिवाय कॉलेजचं पोर्टल ‘नुसतं बघितलं’, तरी माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘भावा, गंमत केली’ हे उत्तर तिथं चालत नाही.

खेळातही अलिखित कायदे आहेत. स्पर्धा चालू असताना फ्लॅग दुसऱ्या टीमला द्यायचा नाही. स्पर्धा संपल्यावर मात्र उलटं : आपण कोडं कसं सोडवलं, कुठं अडकलो, कुठली वाट चुकीची निघाली हे सविस्तर लिहून सगळ्यांना खुलं करायचं. याला म्हणतात राइट-अप. जिंकण्यासाठी लपवायचं आणि जिंकल्यावर शिकवायचं, ही या मंडळींची रीत मला सगळ्यात भारी वाटली. शिवाय नोकरीच्या मुलाखतीत मार्कशीटपेक्षा असे राइट-अप जास्त बोलतात, कारण त्यात तुमचं डोकं चालताना दिसतं.

सुरुवात कशी कराल?

- ‘पिकोसीटीएफ’ : अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं २०१३मध्ये शाळकरी मुलांसाठी सुरू केलेली स्पर्धा. जुनी कोडी सरावासाठी फुकट. अगदी शून्यापासून सुरुवात होते.
- ‘क्रिप्टोहॅक’ : फक्त क्रिप्टोची कोडी, हेही फुकट. बारावीचं गणित आणि थोडं पायथॉन पुरतं.
- वही-पेन जवळ ठेवा. फसलेले प्रयत्नही लिहा. तिसऱ्या थरावर अडकलात, की दुसऱ्यावरच काहीतरी राहिलंय हे बऱ्याचदा वहीतूनच कळतं.
- उत्तर लगेच शोधू नका. अर्धा तास झगडून मग राइट-अप वाचलात, तर तो डोक्यात राहतो.
- टीम करा. वर्गातली सगळी कॉम्प्युटरवालीच नकोत. एक मराठीवाला घ्या!

आता तुमची पाळी

बांधणी वरच्यासारखीच, कुलपं तीनच. फक्त मधल्या कुलपाची किल्ली बदललीय, ती सांगणार नाही. खूण एवढीच की रिकाम्या पोटी सोडवायला बसू नका.

२३३२ २३५५ २३२६ २३५२ २३६७