फोन अडलाय कुठे, ते आधी बघा

फोनला वायफाय लागेनासं झालं की घरोघरी ठरलेला क्रम सुरू होतो. वायफाय बंद करून चालू, मग फोन बंद करून चालू, मग राउटरची वायर काढून दोन मिनिटांनी परत लावायची. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. पण भागलं नाही तर शेजारचं, ऑफिसातलं, दुकानातलं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘फोन रिसेट मारून टाक.’ हा सल्ला मला मनापासून धोक्याचा वाटतो. फॅक्टरी रिसेट म्हणजे फोन कोरा करणं. बॅकअप नसेल तर नातवंडांचे फोटो, जपून ठेवलेले मेसेज, पावत्या, सगळं जातं. आणि एवढं करून अडचण राउटरमध्ये किंवा बिल्डिंगखालच्या तुटलेल्या फायबरमध्ये असेल तर कोरा फोनही तिथेच अडतो.

खरं तर फोन आपली तक्रार स्वतःच सांगत असतो. सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ येते: ‘सेव्ह्ड’, ‘ऑथेंटिकेशन एरर’, ‘ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस’, ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. फोनागणिक शब्द थोडे बदलतात. ती ओळ आपण वाचतच नाही, आणि निम्मं निदान तिच्यातच असतं. कारण वायफाय लागणं ही एका झटक्यात होणारी गोष्ट नाही. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारत असतो; फोनला आधी ते ऐकू यावं लागतं. मग पासवर्ड जुळतो की नाही याची दोघं खात्री करून घेतात. मग राउटर फोनला एक पत्ता देतो, तोच आयपी अ‍ॅड्रेस. आणि शेवटी फोन बाहेरच्या इंटरनेटला हाक मारून बघतो. यातली कोणती पायरी चुकली, ते ती ओळ सांगते.

यादीत आपल्या वायफायचं नावच दिसत नसेल तर पासवर्डच्या मागे लागण्यात अर्थ नाही. इथे मला सर्वांत जास्त आढळणारा घोटाळा म्हणजे त्या ‘५जी’चा. हल्लीचे बरेच राउटर दोन नावं दाखवतात, एक साधं आणि दुसऱ्याच्या शेवटी ५जी जोडलेलं. या ५जीचा मोबाइलच्या ५जी सिमशी काहीही संबंध नाही. एक नाव २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींचं, दुसरं ५ गिगाहर्ट्‌झचं, एवढाच त्याचा अर्थ. ५ गिगाहर्ट्‌झचा वेग चांगला, पण भिंतींपुढे त्या लहरी लवकर दमतात. २.४ चा वेग कमी, पण पल्ला लांब. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात राउटर ओटीवर असेल तर माजघरात ५जीवालं नाव गायब होणं अगदी स्वाभाविक आहे. मुंबई-पुण्यात काँक्रीटच्या दोन भिंती आणि मधे आरसेवालं लोखंडी कपाट आलं की तेच होतं. शिवाय जुन्या, स्वस्त फोनांत ५ गिगाहर्ट्‌झची सोयच नसते. त्या फोनला ते नाव जन्मात दिसणार नाही. अशा वेळी साधं नाव निवडावं, आणि राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर बाहेर काढून उंचावर ठेवावा. २.४ मध्ये गर्दी फार, हेही खरं. शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, इतकंच काय, मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात चालतो. दूध तापवताना स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल तुटत असेल तर तो भास नाही.

नाव दिसतंय पण फोन ‘सेव्ह्ड’ म्हणून नुसता बसून राहतो, किंवा पासवर्ड तपासा म्हणतो, ही पुढची पायरी. सांगलीतले वडील आणि बंगळुरूतली लेक यांच्यात असला संवाद कधीही ऐकू यावा:

‘बाबा, नावाखाली काय लिहिलंय?’

‘सेव्ह्ड.’

‘काल केबलवाला आला होता ना? त्याने पासवर्ड बदलला का?’

‘नवीन डबा बसवून गेला. नाव तेच ठेवलंय म्हणाला.’

‘मग तुमच्या फोनला जुनाच पासवर्ड पाठ आहे. नावावर दाबा, फरगेट म्हणा, आणि डब्याच्या खाली चिकटवलेलं स्टिकर बघून नवीन टाका. डोळ्याचं चिन्ह दाबा, म्हणजे काय टाइप होतंय ते दिसेल.’

ते डोळ्याचं चिन्ह फार उपयोगाचं. स्टिकरवरचं शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल यांत डोळे हमखास फसतात, आणि इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांची अदलाबदल पासवर्डात चालत नाही. पासवर्ड अक्षरशः बरोबर असूनही जुना फोन नव्या राउटरला लागत नसेल, तर राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ या सुरक्षापद्धतीवर ठेवलेला आहे का ते बघावं. ही पद्धत २०१८ मध्ये आली. त्याआधीच्या बऱ्याच फोनांना ती कळत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए २ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय असतो, तो निवडला की काम होतं.

‘ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस’वर फोन फिरत राहिला तर पासवर्ड ठीक आहे, पत्ता मिळत नाहीये. राउटरकडे वाटायला पत्ते मोजकेच असतात. पंगतीत मांडलेली पानं भरली की पुढच्याला थांबावं लागतं, तसं हे. घरच्या राउटरवर ही वेळ क्वचित येते, पण कोणाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर सहज येते, कारण तिथे एका वेळी मोजकेच फोन मावतात. राउटर बंद करून चालू केल्यावर बऱ्याचदा जमतं, ते याच पायरीवर. आयफोनवर वायफायच्या नावाशेजारचं बटण दाबून आयपी अ‍ॅड्रेस बघता येतो. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेला नाही, फोनने स्वतःच स्वतःला एक तात्पुरता देऊन टाकलाय, हे नक्की.

ऑफिसात किंवा हॉस्टेलवर आणखी एक गोम असते. तिथे कधी कधी फोनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, नोंदवून घेतात आणि नोंद असलेल्या फोनलाच आत घेतात. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन खरा क्रमांक न देता प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट क्रमांक सांगतात. आपला माग काढला जाऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. मात्र अशा जागी त्या एका वायफायपुरती ती बंद करावी लागते.

आता ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. यात फोनचा दोष बहुधा नसतोच. फोन राउटरपर्यंत पोचलाय, पुढचा रस्ता बंद आहे. आधी घरातला दुसरा फोन बघावा. त्यावरही नेट नसेल तर फायबरच्या डब्यावरचा एलओएस लिहिलेला दिवा बघायचा. तो लाल असेल तर फायबरमधून प्रकाश येत नाहीये. वायर कपाटामागे करकचून दुमडली असेल, नाहीतर रस्ता खोदताना तुटली असेल. दुमड सोडवून बघा, नाहीतर कंपनीला फोन करा. त्या दिव्यावर मोबाइलच्या कुठल्याही सेटिंगचा इलाज चालत नाही. लाल दिवा नाही आणि तरी नेट नाही, तर प्लॅन संपलाय का तेही बघावं. वीज जाऊन आल्यावर दोनचार मिनिटं थांबायला हवं: राउटर आधी जागा होतो, लाइन मागून येते.

फक्त आपल्याच फोनवर नेट नसेल तर तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडून राहिलेल्या फोनची तारीख कधी कधी काही वर्षं मागे जाते. मग वेबसाइटांची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात आणि तो काहीच उघडत नाही. तारीख-वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू केलं की झालं. नाहीतर व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं अ‍ॅप, किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’ हे सेटिंग बघा. जाहिराती थांबवण्यासाठी कोणीतरी कधीतरी भरून ठेवलेलं असतं आणि विसरून गेलेलं असतं. व्हीपीएन बंद करायचा, प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर न्यायचं.

रेल्वे स्टेशनवर वेगळंच असतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वेची रेलटेल कंपनी आणि गुगल यांची मोफत वायफाय योजना सुरू झाली, तेव्हापासून ही तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे: वायफाय लागतं, पण मोबाइल नंबर आणि ओटीपी दिल्याशिवाय नेट चालत नाही. फोन एक ठरलेलं छोटं पान मागवून बघतो; त्याऐवजी दुसरंच पान आलं की ‘साइन इन’ची सूचना दाखवतो. ती सूचना नजरेआड झाली किंवा व्हीपीएन चालू असला की ते पान येतच नाही आणि आपण नेट नाही म्हणून वैतागतो.

हे सगळं करून भागलं नाही तरच रिसेट, आणि तोही फक्त ‘नेटवर्क सेटिंग्ज’चा. त्यात वायफायचे साठवलेले पासवर्ड आणि बऱ्याच फोनांत ब्लूटूथच्या जोड्याही पुसल्या जातात; फोटो, मेसेज, अ‍ॅप जागच्या जागी राहतात. जून २०२१ मध्ये टक्क्याची चिन्हं असलेल्या एका विचित्र नावाच्या वायफायला जोडलं की आयफोनचं वायफायच बंद पडतं, असं उघड झालं होतं. फोन बंद-चालू करूनही ते सुरू होईना. नेटवर्क सेटिंग्ज रिसेट केल्यावर मात्र सुरू झालं. पुढे ॲपलने नव्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त केली.

त्यानंतरही वायफायचं बटणच चालू होत नसेल, करडं पडून राहत असेल, तर ब्लूटूथ लावून बघा. बऱ्याच फोनांत दोन्ही एकाच चिपवर असतात. दोन्ही गेली असतील तर बिघाड बोर्डावर असण्याची शक्यता मोठी. फोन पडला होता का, पाण्यात भिजला होता का, ते आठवा आणि दुकानात ते खरंखरं सांगा. फोन देण्यापूर्वी डेटा केबलने फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. वायफाय गेलं तरी केबल चालते. आणि ‘आधी सॉफ्टवेअर मारून बघू’ असं कोणी म्हणालं, तर त्यात फोनमधलं काय काय पुसलं जाईल हे विचारून मगच होकार द्या.