शिळा भात आणि मोबाईलचे ॲप

परवा शिवाजी पेठेतील माझ्या दवाखान्यात इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आला. घरातील अन्नाची नासाडी टाळण्यासाठी तो मोबाईलचे ॲप तयार करतो आहे. उरलेल्या पदार्थाची नोंद केली की ‘आधी हे संपवा’ अशी आठवण येणार. कल्पना चांगली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात घरोघरी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते.

पण मी त्याला एका आजींची हकिगत सांगितली. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकवेना, म्हणून त्यांनी सकाळी फोडणी देऊन खाल्ला. दुपारी उलट्यांमुळे सलाईन लावावे लागले. तांदळात ‘बॅसिलस सिरिअस’ या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही टिकतात. भात तासन् तास बाहेर राहिला की जंतू वाढून विष तयार करतात. हे विष फोडणीने जात नाही आणि वासावरून कळतही नाही.

म्हणून ॲपने दिवस नव्हे, तास मोजावेत. पदार्थ कधी शिजला, बाहेर किती वेळ होता, हे आधी विचारावे. वाचकहो, उरलेला भात पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकाच.

रोज किती उरते ते आठवडाभर लिहून ठेवा आणि तेवढा तांदूळ कमी घ्या. यासाठी मोबाईल नसला तरी डब्यातील वाटी पुरते.