ब्रश फिरवतं कोण?

मागच्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये चक्क एक खटला चालला! आरोपी होत्या सफाईच्या मावशी, आणि आरोप असा की नवीन व्हॅक्यूम क्लीनरचा टर्बो ब्रश त्यांनी मोडला. मशीन आणलं तेव्हा हा ब्रश सोफ्यावर शिट्टी वाजवत फिरायचा. दोन महिन्यांत कुशनवर टेकवला की जागीच थांबायला लागला. ‘पगारातून कापून घ्या’ इथपर्यंत गोष्ट गेली. मावशी बिचाऱ्या एवढंच म्हणत होत्या, “अगं पोरी, मी कशाला मोडू? मी नुसता फिरवते.”

खरं तर सगळी गोची याच वाक्यात आहे. ब्रश मावशी फिरवत नाहीत. मग कोण फिरवतं? मी मेकॅनिकलची म्हणून ब्रश माझ्या हातात आला. निकाल शेवटी सांगते, आधी थोडी पार्श्वभूमी.

१९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने हवा ओढून धूळ काढायचं यंत्र बनवलं. त्याआधी त्याने एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून, तोंड लावून हवा ओढून पाहिली होती! रुमालावर धूळ जमली, म्हणजे कल्पना बरोबर. पण नुसत्या हवेने कापडात रुतलेले केस आणि बारीक माती निघत नाही. ते आधी उचकटावं लागतं. अमेरिकेत ओहायोमधल्या जेम्स स्पँग्लरने ते केलं. तो एका दुकानात सफाई कामगार होता, त्याला दमा होता, आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण व्हायचा. त्याने पंख्याची मोटर आणि फिरता ब्रश एकत्र जोडले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि पुढे ते हूवर कुटुंबाने घेतलं. म्हणजे बघा, फिरत्या ब्रशचं व्हॅक्यूम क्लीनर एका सफाई कामगाराच्या डोक्यातून आलं!

स्पँग्लरच्या मशीनमध्ये मोटर आणि ब्रश शेजारी-शेजारी होते, त्यामुळे पट्टा लावला की काम झालं. नंतर जमिनीवर डबा आणि त्याला लांब नळी, असं रूप आलं. सोफा आणि जिना यांच्यासाठी हे फार सोयीचं, कारण डबा खाली ठेवून फक्त नळी वर न्यायची. पण आता मोटर राहिली डब्यात आणि ब्रश गेला नळीच्या टोकाला. मधल्या दीड-दोन मीटरवर ताकद न्यायची कशी? याची दोन उत्तरं आहेत. एक, नळीतून जाणाऱ्या हवेवरच छोटं टर्बाइन फिरवायचं. हा टर्बो ब्रश. दुसरं, ब्रशच्या तोंडातच वेगळी छोटी मोटर बसवायची. हा मोटरवाला ब्रश.

मित्रांनो, सेकंड इयरच्या लॅबमधलं पेल्टन व्हील आठवा. पाण्याचा झोत वाट्यांवर आदळतो आणि चाक फिरतं. टर्बो ब्रश म्हणजे त्याचंच धाकटं भावंडं, फक्त पाण्याऐवजी हवा. ब्रश हवेत धरला की लोड नाही, म्हणून सुसाट फिरतो आणि शिट्टी वाजवतो. कापडावर टेकवला की लोड येतो आणि वेग उतरतो. दुकानातला माणूस ब्रश हवेत धरून दाखवतो, त्याला भुलू नका!

आता थोडा हिशोब. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा मशीन चालू असताना नळीतून सेकंदाला १८ लिटर हवा जाते आणि टर्बाइनवर ४ किलोपास्कल दाब खर्च होतो. दाब गुणिले प्रवाह, म्हणजे ४००० × ०.०१८ = ७२ वॅट. एवढं लहान टर्बाइन फार कार्यक्षम नसतं. २५ टक्के धरले तर ब्रशला मिळाले १८ वॅट. आणि हे ७२ वॅट फुकटचे नाहीत. जी हवा धूळ वाहून नेणार, तिच्याच खिशातून ते काढलेले आहेत.

मोटरवाल्या ब्रशमध्ये ३० वॅटची मोटर ६० टक्के कार्यक्षमतेने चालली तरी तेच १८ वॅट मिळतात, आणि हवेच्या खिशाला हात लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. बॅग भरली आणि हवेचा प्रवाह निम्मा झाला असं समजा. दाबातली घट प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ४ चा झाला १ किलोपास्कल. १००० × ०.००९ = ९ वॅट. प्रवाह निम्मा, पण ताकद एक अष्टमांश! ब्रशच्या वाट्याला आले जेमतेम सव्वादोन वॅट. एवढ्यात तो कुशनवर काय फिरणार? ब्रश गादीत दाबला तरी हेच होतं, कारण कापड तोंड बंद करतं आणि हवा अडते. टर्बो ब्रश म्हणूनच वरवर, हलक्या हाताने फिरवायचा.

भरलेल्या बॅगेचा मुद्दा कोर्टातही गेलेला आहे. युरोपियन युनियनच्या एनर्जी लेबलसाठी व्हॅक्यूम क्लीनरची चाचणी रिकाम्या बॅगेवर व्हायची. डायसन कंपनीने याविरुद्ध दाद मागितली आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या जनरल कोर्टाने ते लेबलचे नियम रद्द केले.

मग मोटरवालाच घ्यायचा का? थांबा. बॅग भरली तरी तो फिरतच राहतो. धूळ उचकटतो, पण ती ओढायला हवा नसते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्याला वीज हवी, म्हणून नळीत वायर आणि जोडाच्या ठिकाणी कॉन्टॅक्ट लागतात. साध्या नळीच्या मशीनला तो चालतच नाही. ओल्या सोफ्यावर अजिबात वापरायचा नाही. शिवाय तो जड आणि महाग. टर्बो ब्रशला मात्र नळीचा व्यास जुळला की पुरे. बॅटरीवरच्या मशीनमध्ये हवेची ताकद मुळातच कमी असते, म्हणून तिथे बहुतेक मोटरवालाच ब्रश देतात.

थोडक्यात, कुत्र्या-मांजराचे केस असतील किंवा जिन्यावर जाड कार्पेट असेल तर मोटरवाला. एमएसला जाणाऱ्या सीनियर्सनी हे लक्षात ठेवा, तिकडे कार्पेटचे जिने भेटतील! पायरीच्या कडेला माती जास्त रुतते आणि तिथे हात दाबला जातोच. कापडी सोफा, अधूनमधून सफाई, खिसा हलका असेल तर टर्बो. रेक्झिन किंवा नाजूक भरतकाम असेल तर कुठलाच फिरता ब्रश नको, साधं तोंड बरं. आणि आपल्या हॉस्टेलचा फरशीचा जिना? तिथे फिरता ब्रश खडे उडवतो. झाडू झिंदाबाद!

आता निकाल. ब्रश उघडला तर टर्बाइन ठणठणीत होतं. रोलरला आम्हा मुलींचेच लांब केस गुंडाळलेले होते, आणि मशीनची बॅग आणल्यापासून कोणी रिकामी केलेलीच नव्हती. कारण ती रिकामी करायची असते हे मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं. सूचनापुस्तिका इंग्रजीत, आणि ती ऑफिसच्या कपाटात! केस कापले, बॅग झटकली, आणि ब्रशने पहिल्या दिवसासारखी शिट्टी घातली.

पगारातून काही कापलं गेलं नाही. ‘सॉरी’ मात्र कोणी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही, आणि ते मला अजून टोचतं. त्या दिवसापासून मावशींच्या कमरेला एक छोटी कात्री असते. ब्रशचा आवाज जरा उतरला की त्या मशीन बंद करतात आणि म्हणतात, “थांब गं, याचं पोट भरलंय.”