‘सैराट’पर्यंत अजय-अतुल खरंच बदलले का?

साखऱ्यातल्या वरातीत ‘झिंगाट’वर तुम्हीही नाचला असाल. आता तेच संशोधक म्हणून ऐका. ‘नटरंग’मध्ये (२०१०) ढोलकी, तर ‘सैराट’साठी (२०१६) लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंद. म्हणजे अजय-अतुल लोकसंगीताकडून पाश्चात्त्य संगीताकडे गेले, असं लगेच लिहावंसं वाटतं. थांबा! २००१ चा ‘विश्वविनायक’ लावा. वाद्यवृंदाचा भव्य ढंग तिथेही ऐकू येतो. शिवाय ‘नटरंग’ ही तमाशा कलावंताची गोष्ट. ढोलकी कथेनंच मागितली होती. त्यामुळे दोनच अल्बम शेजारी ठेवून ‘उत्क्रांती’ सिद्ध होत नाही. मला तरी ‘सैराट’मध्ये वाद्यवृंदाचा आकार नवा वाटतो, ओढ जुनीच. पटत नसेल तर ‘जोगवा’ (२००९) मध्ये घालून तपासा.